मक्याचं बी घरचं की पिशवीतलं?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, पूर्वी मक्याचं घरचंच बी चालायचं, मग आता दरवर्षी नवी पिशवी कशाला, हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला.

मक्याचा पूर्वज म्हणजे मेक्सिकोतलं तेओसिंते नावाचं गवत. त्याच्या कणसात ५ ते १२ दाणे, तेही टणक कवचातले. सुमारे ९,००० वर्षांपूर्वीपासून शेतकरी त्यातली बरी कणसं निवडून पेरत आले, म्हणून आजचा मका झाला. सगळं बियाणं शेतकऱ्याच्याच घरचं.

१९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज शल या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, मका स्वतःच्याच परागावर पिढ्यानपिढ्या वाढवला तर खुरटतो. पण असे दोन खुरटे वाण एकमेकांशी संकरित केले की पुढचं पीक जोमदार येतं. अडचण एवढीच, की खुरट्या मादीवर, म्हणजे ज्या ताटावर संकराचं बी धरायचं त्यावर, बी फार थोडं यायचं. डोनाल्ड जोन्स या शास्त्रज्ञांनी चार वाणांचा दुहेरी संकर करून, म्हणजे आधी दोन-दोन वाणांचा आणि मग त्या दोन जोमदार संकरांचा आपसांत संकर करून, ती सोडवली आणि १९३०च्या दशकात संकरित मका तिथे झपाट्याने पसरला. मादी ओळींवर त्यांचाच पराग पडू नये म्हणून त्यांचे तुरे हाताने उपटावे लागत; ती मजुरी वाचावी म्हणून पुढे परागच न देणारे वाण आणले. त्यातला एकच प्रकार बहुतेक शेतांत गेला, त्यावर १९७० मध्ये करपा आला आणि अमेरिकेतलं सुमारे १५ टक्के पीक गेलं.

पिशवीतलं बी संकराच्या पहिल्या पिढीचं असतं. त्याचे दाणे पुन्हा पेरले की ताटं उंच-ठेंगणी होतात, तुरे मागेपुढे येतात, संकराचा जोम जवळपास निम्म्यावर उतरतो. उगवण मात्र छान होते, म्हणून तर फसगत होते.

जुना सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण असेल तर बी जरूर धरा. पराग वाऱ्याने येतो, त्यामुळे दुसरा मका निदान २०० मीटर लांब हवा; ते जमत नसेल तर पेरणीत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. पांढऱ्या मक्यात पिवळे दाणे दिसले तर भेसळ झालीच म्हणून समजा. आई, ही निवड तू कर, पण उभ्या पिकात. ढिगातलं मोठं कणीस कोणत्या ताटाचं, ते लोळलं होतं का, रोगट होतं का, काहीच कळत नाही. बांधाकडच्या ओळी सोडून निदान २०० ताटांची कणसं घ्या. पाच-दहा देखण्या कणसांवर भागवलं तर चार-दोन पिढ्यांत वाण खुरटतो.

दाण्याच्या बुडाशी काळा थर आला की मका पक्व झाला, पण तेव्हाही ओल ३० टक्क्यांच्या आसपास असते. कणसं सोलून सावलीत, हवेशीर वाळवा. ओल १२ टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच दाणे काढा आणि कणसाच्या मधलेच बियाण्याला ठेवा. टोकाचे बारीक असतात, बुडाचे वेडेवाकडे.

तुमची लेक