पायाचं माप सोबत पाठवतोय

बफेलो, वायोमिंग

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, "घरमालक पोलीस आणि वर चामड्याचं काम करतो, म्हणजे नेमकं काय?" फोनवर ते नीट सांगता येईना. शिवाय एक कागद पाठवायचाच होता, म्हणून लिहायला बसलो.

आधी गाव. नावावर जाऊ नका, म्हशी नाहीत इथे. न्यूयॉर्ककडच्या बफेलो शहरावरून हे नाव पडलं. आमची जॉन्सन काउंटी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा चांगली मोठी, आणि माणसं 2020 च्या जनगणनेत साडेआठ हजारांच्या आत. तेवढी आपल्याकडे जोतिबाच्या यात्रेत नारळ घ्यायला उभी असतात. इथला मुख्य फौजदार म्हणजे शेरीफ. त्याला सरकार नेमत नाही, लोक दर 4 वर्षांनी मतं देऊन निवडतात, आणि हाताखालचे डेप्युटी तो नेमतो. आमचे मालक असेच डेप्युटी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दुकानात सगळे त्यांना शेरीफच म्हणतात. आपल्याकडे हवालदाराला फौजदारसाहेब म्हणतात तसं.

काम काय, तर तुरुंग सांभाळायचा, कोर्टाची समन्स पोचवायची, रस्त्यावर आलेली गुरं हाकायची, पिऊन भांडणारे दोघे भाऊ वेगळे करायचे. डोंगरात माणूस हरवला तर शोधायचा तोही शेरीफच्या खात्यानेच. एकदा नोव्हेंबरात बिगहॉर्नच्या डोंगरात चुकलेल्या शिकाऱ्यामागे मालक दोन रात्री बर्फात होते. सापडला का, विचारलं. म्हणाले, "सापडला. आम्हालाच शिव्या देत होता, म्हणजे धडधाकट होता."

गावाला शेरीफचं कौतुक आहे त्याला एक जुनं कारण आहे. 1892 च्या एप्रिलमध्ये मोठ्या कळपवाल्यांनी टेक्सासहून भाड्याचे बंदूकवाले आणले. आपली माणसं धरून पन्नासेक जण. लहान गुरंवाल्यांना चोर ठरवून मारायचं, असा बेत. लहान गुरंवाल्यांपैकीच नेट चॅम्पियन नावाच्या माणसाने एका खोपटात कोंडलेलं असताना दिवसभर त्यांना अडवून धरलं, आणि गोळ्या चालू असताना वहीत काय घडतंय ते लिहीत राहिला. शेवटी त्यांनी खोपट पेटवलं आणि तो बाहेर पळाला तसा त्याला टिपला. पण तेवढ्या वेळात बातमी बफेलोला पोचली. शेरीफ रेड अँगसने गाव गोळा केलं आणि मारायला आलेल्यांनाच टीए रँचवर घेरलं. मग सरकारी घोडदळ आलं आणि त्यांना सोडवून घेऊन गेलं. खटला राजधानीला, शायेनला गेला, काउंटीकडे खर्चाला पैसे उरले नाहीत, सगळे सुटले. मालक हे सांगताना अजून तापतात, जणू समन्स यांनीच बजावलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. रात्रपाळी संपली की झोपायच्या आधी तासभर चामडं, हा त्यांचा नोकरीतला नेम. कमरेचा पट्टा आणि पिस्तुलाचं म्यान स्वतः केलेलं. त्यावर टोपलीच्या विणीसारखा ठसा, पोलिसांच्या पट्ट्यांवर तो सर्रास असतो. घरी मात्र फुलं. इथून 35 मैलांवर शेरिडनला डॉन किंग नावाचे खोगीर करणारे होऊन गेले. रानगुलाबाची बारीक फुलं, देठ गोल फिरवून एकात एक गुंतवलेले, जागा म्हणून रिकामी नाही, ही त्यांची शैली. 1991 मध्ये त्यांना लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. आमचे मालक त्याच वळणाचे.

परवा मी खाणीवरून आलो तेव्हा ते एक पट्टा स्पंजने ओला करून नुसते बसले होते. किती वेळ? चामड्याचा रंग मूळपदावर यायला लागला की उचलून गालाला लावायचा. गार लागला की सुरी चालवायची. सुरीची मान फिरती असते, तर्जनी वर टेकवून ती चिमटीत फिरवतात. मग एकेक ठसा, कच्च्या चामड्याच्या हातोडीने. आवाज इतका ओळखीचा की मी बूट न काढताच उभा राहिलो.

तेव्हा त्यांनी विचारलं, वडील काय करतात.

आप्पा, 2019 मध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. मी हॉस्टेलवर कुणाला बोललो नाही. "वडिलांचं दुकान आहे" एवढंच सांगायचो. कसलं ते कुणी विचारायच्या आत विषय बदलायचो. का, ते तुम्हाला माहीत आहे. परवा पहिल्यांदा सरळ सांगितलं, पायताणं करतात, आजाही करायचा. आणि ट्रंकेतून तुमची जोडी काढून दिली.

त्यांनी चष्मा बदलला. चप्पल उलटी करून खिळा शोधला. नाहीच म्हटल्यावर शिवण कशाची, ते विचारलं. वादी म्हणालो, तर नखाने टाके मोजत बसले. बाभळीची साल, हिरडा, रापी, आरी, सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. रापीचं चित्र काढताना मी पातं चुकीच्या बाजूला वाकवलं, लाज वाटली. त्यांच्या डाव्या अंगठ्याला तुमच्यासारखाच घट्टा आहे, त्याच जागी.

त्यांना एक जोडी हवी आहे, रोख पैसे देऊन. फुकट दिली तर घेणार नाहीत, म्हणून किंमत तुम्हीच कळवा आणि मुलाचा घरमालक म्हणून कमी करू नका. वर्षातले सहा महिने बर्फ असलेल्या गावात ते घालणार कधी, ते मी विचारलेलं नाही. पाय वर्तमानपत्रावर ठेवून माप काढलंय. डाव्या कागदावर चारच बोटं दिसतील. माझा हात हलला असं समजू नका. करंगळी त्या शिकाऱ्याच्या वेळी थंडीने गेली. त्या बाजूचा पट्टा जरा आत घ्यावा लागेल का, ते तुम्ही बघा.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू