गोठलेल्या जगात माणसं खातात काय?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतली गोठलेल्या पृथ्वीवरची विज्ञानकथा एका बैठकीत वाचून काढली. बर्फाखाली गाडली गेलेली मुंबई, भुयारातली वस्ती, बंदुका, टोळ्या, सगळं आहे. पण ही माणसं वीस वर्षं जेवली काय? डबाबंद अन्नाचा एकदा उल्लेख येतो आणि विषय संपतो. माझं घोडं तिथेच अडलं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. पारा दोन-तीन अंशांवर उतरला की वडील आम्हा भावंडांना पहाटे तीनला उठवायचे. बांधाबांधाला पाचट आणि ओल्या पाल्याच्या शेकोट्या लावायच्या. जाळ होऊ द्यायचा नाही, धूर बागेवर बसला पाहिजे. विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात कोमट, म्हणून मोटार चालू करून तेही सोडायचं. एका वर्षी एवढं करूनही पानांवरचं दहिवर गोठलं. हात लावला तर खडीसाखरेसारखं कुरकुरलं. दुपारपर्यंत ती पानं उकडल्यासारखी काळी पडली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. थंडी म्हटलं की आजही मला ती पानं दिसतात.

सासर जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठी. जवळच्या बोरी गावात नदीच्या दरडीत पांढुरक्या राखेचा थर आहे. सासूबाई त्या मातीने भांडी घासायच्या. चिमटीत पिठासारखी लागते, पण बोटांवर चोळली की करकरते, कारण ती बारीक काचच आहे. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून उडून ती इथवर आली. तोबाचा सर्वांत मोठा स्फोट साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत वाद झाला. त्या परिसरात दगडी हत्यारंही सापडली आहेत. आंध्रातल्या ज्वालापुरमला तर ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे माणसाची हत्यारं मिळाली, आणि ती बरीचशी सारखीच आहेत. म्हणजे राख पडून गेल्यावरही तिथे कोणीतरी दगड घडवत होतं. आपल्या लेखकांना याहून चांगला नायक कुठे मिळणार?

दुसरं असं की आपल्याकडे गारठलेलं जग बर्फाच्या आधी दुष्काळ घेऊन येईल. ज्वालामुखीतला गंधकाचा वायू उंच जाऊन त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते ऊन अडवतात. जमीन-समुद्र कमी तापले, वाफ कमी झाली, की मोसमी पाऊस ढासळतो. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडला, युरोपात पिकं गेली, धान्याचे भाव कडाडले. अणुयुद्धातल्या जळत्या शहरांची काजळीही हेच करील, असं शास्त्रज्ञ १९८३ पासून सांगत आहेत. भारत-पाकिस्तानात हिरोशिमाएवढे १०० बॉम्ब पडले तर काय होईल, याचा हिशेब २००७ साली मांडला गेला: सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान सव्वा अंशाने उतरेल. सव्वा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. बागाईतदाराला विचारा.

म्हणून आपल्यामार्फत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना विनंती आहे. पुढची कथा भुयारात नको, एखाद्या वाड्यातल्या धान्याच्या कणगीपाशी सुरू करा. दुसऱ्या वर्षीही पाऊस आलेला नाही. कणगीच्या तळाशी दोन पायली बाजरी उरली आहे, ती बियाण्याची. घरात सात माणसं आहेत, त्यातलं एक अंगावर पितं. किल्ली सासूच्या कमरेला आहे. ती रात्र मला वाचायची आहे.

आपली,
एक द्राक्ष बागाईतदार, जुन्नर तालुका