ताई, माझ्या कीबोर्डला हात न लावल्याबद्दल

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषयच बदलता. म्हणून हे लिहून काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. माझ्यासारखाच छोटा, बेताच्या ताकदीचा लॅपटॉप घेऊन कुणी अडून बसलं असेल आणि त्यांना यातलं काही कामी आलं, तर त्याचं श्रेयही तुमचंच.

पहिल्यांदा वरच्या मजल्यावर तुमच्याकडे आले तेव्हा लॅपटॉप मोडीत काढायचं माझं जवळजवळ ठरलं होतं. ११.६ इंची स्क्रीन, २ जीबी रॅम, तीही बोर्डावरच डाग देऊन बसवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. साठवायला ३२ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरचीच साठवणीची चिप. आधीच्या सिस्टिमचा अपडेट जागा नाही म्हणून दर वेळी अर्ध्यावर थांबायचा. मुद्रितशोधनाची फाईल आणि शब्दकोश एकत्र उघडले की पडदा गोठायचा. मी तुम्हाला म्हटलं, "आधीची सिस्टिम काढून त्याजागी यात लिनक्स टाकून द्याल का?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही टाका. मी शेजारी बसते."

तेव्हा मला ते मनापासून आवडलं नव्हतं. काम अडलेल्या माणसाला शिकायची हौस नसते, त्याला फक्त सुटका हवी असते. पण तुम्ही खरोखर शेजारी बसलात, हात मांडीवर ठेवून. नंतरच्या चार-पाच महिन्यांत एकदाही तुम्ही माझ्या कीबोर्डला हात लावला नाहीत. मी चुकीचं अक्षर दाबत असताना तुमची बोटं शिवशिवलेली मी पाहिली आहेत, पण ती पुढे आली नाहीत. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याचेच.

सुरुवातच अडखळत झाली. लिनक्स टाकण्यासाठी पेनड्राइव्ह तयार केला, पण बूट मेन्यूत, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीत, तो दिसेचना. दोन पेनड्राइव्ह बदलून झाले, मग तुम्ही मला सेटिंगमधलं एक पान वाचायला लावलंत आणि कोडं सुटलं. प्रोसेसर ६४ बिटचा, पण मशीन सुरू होताना त्याला जागं करणारं यूईएफआय हे सॉफ्टवेअर ३२ बिटचं. माझ्या लॅपटॉपच्या काळातल्या, इंटेलचा ॲटम हा छोटा प्रोसेसर असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अशी विजोड जोडी बसवलेली असते आणि मग चांगली चालणारी सिस्टिमसुद्धा सुरूच होत नाही. तुम्ही लिनक्सचा डेबियन हा प्रकार सुचवलात, कारण २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून त्यात अशा जोडीची सोय आहे. वाय-फाय पहिल्या फटक्यात लागलं, त्याचंही कारण तुम्ही सांगितलंत. २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून वाय-फायच्या चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे तिचं आतलं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच येतं, आधी ते वेगळं शोधून आणावं लागायचं. मला तेव्हा वाटलं होतं, हे सगळं मला कशाला सांगताय? आता कुणी पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणालं की मी सगळ्यात आधी यूईएफआय किती बिटचं आहे ते विचारते.

मग ती वही. शंभर पानी, रेघांची. डाव्या पानावर काय बदललं, उजव्या पानावर का बदललं आणि परत होतं तसं कसं करायचं. नोंद केल्याशिवाय एकही फाईल बदलायची नाही आणि बदलण्याआधी त्या फाईलची एक प्रत ठेवायची, एवढ्या एकाच गोष्टीत तुम्ही कडक होतात.

वहीतली पहिली नोंद मेमरीची आहे. 'फ्री' कमांड दिली आणि मोकळ्या रॅमच्या रकान्यात ९० एमबी बघून माझा चेहरा उतरला. तुम्ही बोट स्क्रीनपासून वीतभर लांब धरून शेवटच्या रकान्याकडे दाखवलंत, 'अव्हेलेबल'. तिथे एक जीबीहून जास्त होतं. रिकामी रॅम पडून राहण्यात काही फायदा नाही म्हणून लिनक्स डिस्कवरून वाचलेलं त्यात धरून ठेवतं आणि कुणी मागितली की लगेच जागा करून देतं, हे तुम्ही सांगितलंत. त्यामुळे घाबरायचं ते अव्हेलेबल खाली आलं तर. हा एक रकाना कळला नसता तर मी महिनाभर नसलेल्या दुखण्यावर औषध करत बसले असते.

एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप तुम्ही निवडू दिलात, म्हणजे मी निवडला आणि तुम्ही मान हलवलीत. लॉगिन केल्यावर ६०० एमबीच्या आसपास रॅम जात होती. कमी करायच्या उत्साहात मी दिसेल ती सेवा, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, बंद करायला निघाले होते. सुरू होताना कोण किती वेळ घेतं ती 'सिस्टिमडी-ॲनलाइझ ब्लेम'ची यादी आपण काढली, तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. सेवा एकमेकींच्या बरोबरीने सुरू होत असतात, त्यामुळे यादीत वर दिसणारी सेवाच खोळंबा करत असेल असं नाही. कोण कुणासाठी थांबलंय हे 'क्रिटिकल-चेन'मध्ये बघायचं. तिथे नेटवर्क जोडलं जाईपर्यंत वाट पाहणारी एक सेवा सापडली, जिची माझ्या कामात गरजच नव्हती. ती बंद केली. छपाईची आणि ब्लूटूथची बंद केली, कारण ती दोन्ही मी वापरत नाही. बाकीच्यांना हात लावला नाही. "जिचं काम तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नाही, ती बंद करू नका," असं तुम्ही म्हणालात आणि ते मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

सगळ्यात मोठा फरक झेडरॅमने पडला. रॅममधलाच एक भाग स्वॅप, म्हणजे रॅम भरली की वापरायची जादा जागा, म्हणून राखायचा आणि त्यात जाणारा मजकूर दाबून, घडी घालून ठेवायचा. १ जीबीचा असा स्वॅप पूर्ण भरला तरी रॅममधली जागा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी एवढीच जाते. प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं, पण हळू चालणाऱ्या ईएमएमसीवर सारखं लिहिणं वाचतं आणि तिचं आयुष्यही वाढतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२० पासून हीच पद्धत मूळ सेटिंगमध्ये घेतली आहे, म्हणजे हा जुगाड नाही, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. त्या दिवशी शब्दकोश, फाईल आणि ब्राउझरचे सहा टॅब एकत्र उघडे राहिले. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मला वाटतं, तो आनंद तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी सोडला होता.

तुमचा तो छोटा असूस ईई पीसी ७०१ तुम्ही कपाटातून काढून दाखवलात, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. २००७ चं मॉडेल, ७ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, आणि कारखान्यातूनच लिनक्स घालून आलेला. तुमच्याकडच्या युक्त्या कुठून आल्या ते तेव्हा कळलं. त्याच्या पडद्याची उंची फक्त ४८० पिक्सेल. सेटिंगची खिडकी उघडली की 'ठीक' म्हणायचं बटण पडद्याच्या खाली, दिसतच नाही. माझ्या ७६८ पिक्सेलमध्येही एका खिडकीचं तसंच झालं होतं आणि मी अंदाजाने टॅब दाबत बसले होते. तुम्ही म्हणालात, ऑल्ट दाबून धरा आणि खिडकीला कुठेही पकडून वर ओढा. खिडकी वरच्या कडेतून बाहेर सरकली आणि खालून बटण वर आलं. पुढे त्याच विचाराने आपण पॅनेल, म्हणजे मेन्यू आणि घड्याळाची पट्टी, आडवं होतं ते डाव्या कडेला उभं केलं आणि खिडकी पूर्ण मोठी केल्यावर तिची शीर्षकपट्टी लपेल असं सेटिंग केलं. पानावरच्या तीन ओळी जास्त दिसायला लागल्या. दिवसभर प्रुफं वाचणाऱ्या बाईला तीन ओळी म्हणजे किती, हे तुम्हाला न सांगता समजलं.

जागेचं काम तसं पटकन झालं. उतरवलेल्या पॅकेजांचा साठा 'ॲप्ट क्लीन'ने साफ केला, सिस्टिमच्या नोंदवहीला ५० एमबीची मर्यादा घातली (नाहीतर ती डिस्कचा १० टक्के भाग व्यापू शकते) आणि माझ्या फाईलींसाठी एक एसडी कार्ड कायमचं जोडलं. या कार्डानेच पुढे ती रात्र आणली.

सकाळी प्रुफं द्यायची होती. लॅपटॉप सुरू केला आणि दीड मिनिट नुसती एक तांबडी खूण इकडून तिकडे सरकत राहिली. मग काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड'. रात्रीचे साडेअकरा. तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज थरथरत होता. तुम्ही एकच विचारलंत, "काल काय बदललंत? वही उघडा." वहीत आदल्या दिवशीची नोंद होती, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाईलमध्ये, कार्डाची ओळ घातल्याची. आणि कार्ड? ते मी संध्याकाळी कॅमेऱ्यात घातलं होतं. वाचता वाचताच मला कळलं. ओळीत कार्ड लिहिलंय म्हणून सिस्टिम ९० सेकंद त्याची वाट बघत होती आणि ते नाही म्हटल्यावर पुढे जायला तयार नव्हती. तुम्हाला हे पहिल्या मिनिटात कळलं असणार. पण तुम्ही फोनवर गप्प राहिलात, मी बोलेपर्यंत. मग मी रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड घालून फाईल उघडली, त्या ओळीत 'नोफेल' लिहिलं, म्हणजे कार्ड नसलं तरी पुढे चल, आणि पुन्हा सुरू केलं. डेस्कटॉप आला. तुम्ही म्हणालात, "आता नोंद करा आणि झोपा." मी नोंद केली. झोपले मात्र नाही, प्रुफं पूर्ण केली.

त्या रात्री तुम्ही खाली येऊन दोन मिनिटांत दुरुस्त करून दिलं असतंत तरी मी तितकीच ऋणी राहिले असते. पण पुढच्या बिघाडाला मी पुन्हा तुमचाच नंबर फिरवला असता. त्यानंतर दोनदा काहीतरी बिघडलं आणि दोन्ही वेळा मी वही उघडली. तुम्हाला ते कळलंही नाही. म्हणून इथे सांगतेय.

सध्याची शेवटची नोंद ३८ व्या पानावर आहे. झेडरॅम आहे म्हणून स्वॅपिनेस, म्हणजे स्वॅप किती सहज वापरायचा तो आकडा, ६० वरून १०० केलंय. आठवडाभर वापरून आकडे लिहायचेत, त्यासाठी उजवं पान अजून कोरं ठेवलंय. रविवारी वही घेऊन वर येते. तुमचा ईई पीसी तेवढा चार्जिंगला लावून ठेवा, मला तो चालू झालेला बघायचाय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शेजारीण