घरच्या डायलिसिसच्या यादीत सुईचे दुखणे कुठे आहे?

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

घरच्या डायलिसिसचा विषय निघाला की यंत्राबद्दल बोलले जाते. पाण्याच्या शुद्धीकरणाबद्दल, विजेबद्दल, सामान ठेवायच्या जागेबद्दल बोलले जाते. सुईबद्दल कोणी बोलत नाही. मी घरी हेमोडायलिसिस, म्हणजे रक्त यंत्रातून शुद्ध करून परत अंगात घेण्याचा उपचार, घेते आणि माझ्या सुया मीच टोचून घेते, म्हणून हे पत्र. यंत्र शिकता येते, नळ्या जोडता येतात, अलार्मचीही सवय होते. माणसे मागे फिरतात ती बऱ्याचदा सुईपाशी. ‘भीती वाटते’ म्हणायची लाज वाटते, म्हणून ते कारण जागेची अडचण सांगतात.

आपल्या कार्यालयात ज्यांनी ही सुई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रक्त तपासायला सहसा २१ गेजची सुई वापरतात. डायलिसिसची सुई १५ ते १७ गेजची असते, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड. १५ गेजची सुई बाहेरून सुमारे १.८ मिलिमीटर भरते, म्हणजे तपासणीच्या सुईच्या दुपटीहून जाड. ती जाड असावीच लागते, कारण मिनिटाला तीनशे-चारशे मिलिलिटर रक्त बारीक सुईतून ओढता येत नाही. अशा दोन सुया लागतात. एकीतून रक्त यंत्राकडे जाते, दुसरीतून परत येते. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस धरले तर वर्षाच्या ३१२ सुया झाल्या. घरी डायलिसिस घेण्याचा मोठा फायदा हा की ते जास्त वेळा घेता येते, त्यामुळे अंगात पाणी कमी साठते, हृदयावर ताण कमी येतो. आठवड्याला पाच वेळा घेतले तर सुया होतात ५२०. घरचा फायदा हवा असेल तर तो असा टोचून घ्यावा लागतो.

१९६० साली अमेरिकेत सिएटलमध्ये डॉ. स्क्रिबनर यांनी हातात कायमची राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली, तेव्हा दर वेळी टोचावे लागत नसे. पण त्या नळीत जंतुसंसर्ग होई, गुठळ्या होत. १९६६ मध्ये डॉ. ब्रेशिया, डॉ. सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटापाशी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून फिस्टुला केल्याचे प्रसिद्ध केले. शीर फुगते, जाड होते, वर्षानुवर्षे टिकते. त्या दिवसापासून आमचे आयुष्य वाढले आणि त्याबरोबर सुई आली. हा सौदा चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार इतकीच की सुईचे दुखणे अजूनही रुग्णाच्या स्वभावाच्या खात्यात टाकले जाते. अमका धीराचा, तमकी नाजूक.

हे दुखणे एकाच प्रकारचे नसते. कातडीतून सुई आत जाताना होते ती एक वेदना. सुई शिरेच्या भिंतीला घासली किंवा आरपार गेली तर होते ती वेगळी. त्यात हात सुजतो, काळानिळा पडतो आणि आठवडाभर आठवण देत राहतो. तिसरी वेदना सुई हातात यायच्या आधीच सुरू झालेली असते. तिन्हींवर उपाय आहेत, फक्त ते वेगवेगळे आहेत. ‘सवय होईल’ हा त्यांपैकी एकावरचाही उपाय नव्हे.

कातडीच्या वेदनेवर बधिर करणारे मलम आहे, लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेले. ते जाडसर लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची आणि किमान एक तास थांबायचे. तासाभरात सुमारे तीन मिलिमीटर खोलपर्यंत बधिरता येते, दोन तासांत पाचपर्यंत. नंतर मलम पूर्ण धुऊन कातडी जंतुनाशकाने साफ करायची. दहा मिनिटे आधी लावून टोचले तर काही उपयोग होत नाही, आणि मग ‘मलमाने फरक पडत नाही’ असे सांगत सुटतात. केंद्रात आपला नंबर कधी लागेल ते कोणालाच माहीत नसते, त्यामुळे तास मोजून मलम लावणे अवघड. घरी मात्र यंत्र कधी लावायचे हे मीच ठरवते. म्हणजे हे मलम जिथे सर्वात नीट वापरता येते, ते ठिकाण घर आहे, आणि घरी पाठवायच्या सामानातच ते धरले जात नाही. (प्रिलोकेन सगळ्यांना चालत नाही, मेथहिमोग्लोबिनचा त्रास, म्हणजे रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ न शकण्याचा दोष, असणाऱ्यांनी ते टाळायचे असते. म्हणून ते डॉक्टरांनी विचारून, लिहून द्यावे.) लिडोकेनचे इंजेक्शन लगेच काम करते, पण ते स्वतःच झोंबते आणि सुई टाळायला आणखी एक सुई असा प्रकार होतो. थंड फवारा झटपट असतो, काहींना तेवढा पुरतो.

आता ज्यासाठी आपण हे पत्र शेवटपर्यंत वाचावे असे मला वाटते ते सांगते. वेदनेकडे दुर्लक्ष केले तर फिस्टुला खराब होतो. एकाच जागी वारंवार टोचले की ती जागा निबर होते आणि कमी दुखते. साहजिकच रुग्ण म्हणतो, ‘तिथेच टोचा.’ सिस्टरही घाईत असतात, तिथे सुई सहज जाते, त्या तिथेच टोचतात. काही महिन्यांत तिथली भिंत पातळ होते, शीर फुग्यासारखी वर येते, कातडी चकाकायला लागते. पुढे शस्त्रक्रिया करावी लागते, किंवा फिस्टुला बंद पडतो आणि मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे कायम राहणारी नळी, येतो. कॅथेटर म्हणजे रक्तातल्या जंतुसंसर्गाचा कितीतरी मोठा धोका. मलमाची एक ट्यूब यादीतून गाळून खात्याने नेमकी कसली बचत केली, याचा हिशेब आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा मांडावा.

योग्य पद्धत शिडीची. शिरेवर दर वेळी थोडे पुढे सरकत टोचायचे, टोकाला पोहोचले की पुन्हा सुरुवातीपासून. यात दर वेळी ताजी कातडी टोचली जाते, म्हणजे दुखणारच. शिडी पाळायची असेल तर वेदनेची सोय करावी लागते. दुसरी पद्धत बटनहोलची. ती पोलंडमध्ये डॉ. त्वार्दोव्स्की यांनी १९७० च्या दशकात पुढे आणली. त्याच छिद्रातून, त्याच कोनात, तितक्याच खोलीवर टोचत राहिले की कान टोचल्यावर होते तशी वाट तयार होते, आणि मग बोथट टोकाची सुई चालते. टोचणारा हात एकच असावा लागतो, म्हणून घरी ती जमते. बऱ्याच जणांना कमी दुखते. पण आधीची खपली नीट काढली नाही तर तिथून जंतू सरळ रक्तात जातात. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या सूचनांनीही शिडीलाच पसंती दिली आहे आणि बटनहोल ठरावीक परिस्थितीपुरतेच ठेवायला सांगितले आहे. तेव्हा कोणी आपल्याला बटनहोल हा सरसकट उपाय म्हणून सुचवला तर खपली कोण काढणार आणि त्याला ती कोणी शिकवली, हे आधी विचारावे.

भीतीबद्दल थोडेसेच लिहिते. काही जणांना सुई पाहून घेरी येते. त्यांचा रक्तदाब खरोखरच झपकन उतरतो. पाय, पोट, फिस्टुला नसलेला हात असे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे, ही त्यावरची रीत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी अभ्यासून मांडली आहे. ती शिकवायला खोली, खुर्ची आणि शांतपणे बोलणारे माणूस पुरते. स्वतः टोचून घेणे ऐकायला भयंकर वाटते, पण माझ्यासारख्या अनेकांना तेच सोपे जाते. सुई कुठे अडते हे आत आणि बाहेर दोन्हीकडून कळते, आणि कधी थांबायचे ते आपल्या हाती असते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या घरी नवरा, बायको नाहीतर मुलगी टोचते. आपल्या माणसाला दुखवण्याचे काम त्यांच्यावर आपण सोपवतो, आणि त्यांना कसे आहात म्हणून विचारायला कोणी येत नाही.

माझ्या मागण्या खर्चिक नाहीत. घरी जाणाऱ्या सामानात सुयांबरोबर मलम आणि चिकटपट्टी असावी. प्रशिक्षण इतक्या आठवड्यांत संपलेच पाहिजे असा नियम नसावा. हात बसला की संपावे, आणि तोपर्यंत शिकवणाऱ्या सिस्टर बदलू नयेत. नवा फिस्टुला तयार आहे की नाही हे सोनोग्राफीने पाहून, बारीक १७ गेजच्या सुईने सुरुवात करावी. सुई बसली नाही तर फोन उचलणारी अनुभवी व्यक्ती असावी, संध्याकाळीसुद्धा. वजन आणि रक्तदाब लिहितात त्याच कागदावर शून्य ते दहा असा वेदनेचा आकडा लिहिला जावा. न लिहिलेल्या त्रासासाठी कोणतेही खाते तरतूद करत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आणि सुईला घाबरणाऱ्या प्रत्येकाला, उपचार ठरवण्याआधी, पोटातून होणारे पेरिटोनियल डायलिसिस समजावून सांगावे. त्यात दर वेळी टोचावे लागत नाही. त्याच्या स्वतःच्या कटकटी आहेत, त्याही सांगाव्यात.

पुढच्या खरेदीच्या यादीत सुयांच्या ओळीखाली मलमाची ओळ यावी, ही पहिली विनंती. बाकीचे समोर बसून बोलायला मी येईन. वेळ देताना डायलिसिसचा दिवस तेवढा टाळावा.

कळावे,

आपली,
घरी डायलिसिस घेणारी एक नागरिक