शिक्षेआधी त्याच्या घरी जाऊन कोण विचारतं?

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पेपरात ठाण्याच्या कोर्टातल्या पॉक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या, शिक्षेच्या बातम्या येतात त्या मी एकही सोडत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक बातमीत शेवटी तेच असतं की आरोपीचे वकील म्हणाले वय कमी आहे, आईवडील म्हातारे आहेत, घरात एकटाच कमावता आहे, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. सरकारी वकील म्हणतात जास्तीत जास्त शिक्षा द्या. झालं. यातलं एकही वाक्य बहुतेक वेळा कोणी त्याच्या घरी जाऊन तपासलेलं नसतं, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

मी परिविक्षा अधिकारी होते, लोक प्रोबेशन ऑफिसर म्हणतात. आता रिटायर झालेय. माझं बहुतेक काम अठराच्या आतल्या मुलांचं. बाल न्याय कायद्यात मुलगा पकडला गेला की 2 आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो, मग कळवा असो, दिवा असो, भिवंडी असो, पत्ता शोधत जायचं आणि आईबाप, शेजारी, शाळेतले सर, जिथे कामाला होता तिथला शेठ, सगळ्यांशी बोलायचं. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या पोरासाठी कायदा एवढं करायला लावतो आणि एकोणीस वर्षांचा दोषी ठरला की शिक्षेवरचं म्हणणं बऱ्याचदा त्याच दिवशी ऐकून मोकळे होतात. 1958 चा प्रोबेशनचा कायदा 21 च्या आतल्यांसाठी अहवाल मागवायला सांगतो खरा, पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते तिथे ते कलम लागतच नाही, आणि बलात्काराला जन्मठेप आहेच.

एक केस अजून डोक्यातून जात नाही. मुलगा सतरा वर्षांचा, चाळीतलीच लहान मुलगी. घरचे सगळे म्हणाले याने आजवर कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा खाली नळावर एक मावशी कपडे धूत होत्या, त्या बोलता बोलता म्हणाल्या की दोन वर्षांपूर्वी याला रातोरात गावी पाठवला होता, शाळा चालू असताना. का ते त्यांना माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मी परत वर गेले, आईला विचारलं, ती चहा टाकते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. मग सांगितलं. नात्यातलीच पोर होती, घरातल्या घरात मिटवलं. आणि त्याच्या आईनेच हेही सांगितलं की हा आठ वर्षांचा असताना एका मोठ्या माणसाने याच्याबरोबरही तेच केलं होतं, तेही मिटवलं. मी दोन्ही लिहिलं. पहिल्या गोष्टीमुळे पहिलाच गुन्हा हे वाक्य गळून पडलं. दुसऱ्या गोष्टीने गुन्हा तसूभरही लहान झाला नाही, पण त्याला कुठे ठेवायचं, उपचार कसले द्यायचे, सुटल्यावर त्याच घरात सोडायचं का, हे ठरवायला काहीतरी हातात आलं. आणि नात्यातल्या त्या पोरीची विचारपूस करायला पहिल्यांदा कोणीतरी गेलं.

माझी सख्खी बहीण मला म्हणते असल्या माणसाची कसली चौकशी करता, लटकवा. तिचा राग मला कळतो. 20 ऑगस्ट 2024 ला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या रागाने बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले तेव्हा मीही घरी टीव्हीसमोर थरथरत बसले होते. पण त्या प्रकरणातला आरोपी महिन्याभराने पोलिसांच्या गोळीने मेला, त्याच्यावर खटला चाललाच नाही, आणि याआधी त्याने कुठे काही केलं होतं का हे आता त्याला विचारायची सोयच राहिली नाही.

चौकशी केली की सुटेल ही भीती तर अगदीच खोटी आहे. सोळाच्या आतल्या मुलावर बलात्कार असेल तर पॉक्सोमध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 20 वर्षं आहेत, जज त्याच्या खाली जाऊच शकत नाहीत. प्रश्न 20 वर्षं की मरेपर्यंत जेल हा असतो आणि तेवढा मोठा फरक वकिलांच्या त्या चार वाक्यांवर ठरवायचा? सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश केसमध्ये प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल, मानसिक तपासणी, जेलमधली वागणूक हे सगळं मागवायला सांगितलंय, पण ते फाशीच्या केसपुरतं. बाकीच्यांचं काय, ते तर कधी ना कधी बाहेर येणारच आहेत.

परदेशात शिक्षेआधी असे अहवाल कितीतरी वर्षं होतायत. तिकडे माणूस पुन्हा असा गुन्हा करण्याचा धोका किती हे मोजायला स्टॅटिक 99 नावाची दहा प्रश्नांची यादी वापरतात, आधीचे लैंगिक गुन्हे किती, पीडित अनोळखी होती का, घरातली नव्हती का, वय किती, असे प्रश्न. ती इकडे जशीच्या तशी लावू नये असं माझं मत आहे, कारण ती पोलीस-कोर्टाच्या नोंदीत आलेले आधीचे गुन्हे मोजते आणि आपल्याकडे आधीचे गुन्हे रातोरात गावी पाठवून मिटवलेले असतात. ते नळावरच कळतात. त्यासाठी माणूस पायी जायला लागतो, आणि तीनदा जायला लागतो. ज्या लहान मुलीवर अत्याचार झाला तिला मात्र पुन्हा घटनेबद्दल एक अक्षर विचारायचं नाही, तिच्या आईला फक्त एवढंच विचारायचं की तो सुटून याच गल्लीत आला तर तुम्ही काय करणार. कारण आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, तो परत येणार तो त्याच गल्लीत.

म्हणून जास्त माणसं नेमा, दोषी ठरवल्यावर निदान 2 आठवडे द्या आणि अहवाल मागवा. आणि तुमच्या कोर्टाच्या वार्ताहरांना एक विनंती, शिक्षेची बातमी देताना आरोपीच्या घरी कोणी जाऊन आलं होतं का हे सरकारी वकिलांना विचारत जा आणि जे उत्तर मिळेल ते छापा.

एक निवृत्त परिविक्षा अधिकारी,
कोपरी, ठाणे पूर्व