सुमे, केदार तुळशीबागेत दुकान टाकतोय

प्रिय सुमे,

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, शुगर आटोक्यात. शीर्षक वाचून पोटभर हसून घे, मग पुढे वाच.

हिंजवडीची नोकरी सोडून हा भातुकली विकणार. पितळी! तुमच्या दुकानाच्या मागच्या ओळीत एक गाळा भाड्याने मिळतोय. डिपॉझिटचा आकडा ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून म्हणाले, "पुन्हा सांग."

परवा मला गाळा दाखवायला घेऊन गेला, तेही मेट्रोने. 2024 च्या सप्टेंबरपासून मंडईला जमिनीखाली स्टेशन झालंय. म्हणे पिंपरीचं गिऱ्हाईक आता थेट दारात. वर आलो तर समोर मंडईचा मनोरा. 1886 ची ती इमारत. नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला आणि पुढे नाव मात्र त्यांचंच लागलं. केदारला म्हटलं, विरोध करून काही होत नाही हे मला ठाऊक आहे, तरी करणार.

आत गर्दी तीच. कानातली, पिना, गाळण्या, "पन्नासला दोन, पन्नासला दोन". एका गाळणीची किंमत मी सवयीने निम्म्यावर आणली, तर हा लाजून चार पावलं पुढे जाऊन उभा! ज्याला घासाघीस बघवत नाही तो दुकान चालवणार.

देवळापाशी थांबून मला इतिहास ऐकवला. नारो आप्पाजी खिऱ्यांनी राममंदिर बांधायला घेतलं ते 1761 साली, पानिपताच्या वर्षी. "आई, वाईट काळातच सुरुवात करायची असते." म्हटलं, बाळा, ते पेशव्यांचे सुभेदार होते, तू राजीनामा देऊन निघाला आहेस.

मग एका भातुकलीच्या दुकानात शिरलो. सुमे, बोटभर उंचीचा बंब, आणि त्याची तोटी खरंच फिरते! आत जाळी, वर झाकण, सगळं. (दहावीच्या सुट्टीत तुमच्या दुकानातला बंब पाडला तो तूच. नानांना माझं नाव सांगितलंस, ते मी अजून सोडलेलं नाही.) दुकानदाराला विचारलं, मुलं खेळतात का हो याने? म्हणाला, मुलांच्या हातात कोण देतंय, रुखवताला जातं, शोकेसला जातं. केदारचं म्हणणं, इवल्याशा चुलीवर खरा स्वयंपाक करून व्हिडिओ टाकणारेही हल्ली घेतात.

रुखवत म्हणजे लगीनसराई. पुढे गणपती, दिवाळी. आणि मधल्या आषाढाचं काय? नानांना भवानी व्हायला दुपारचे चार वाजायचे. आपण डबा घेऊन जायचो तर उठून हात धुवायला तयार नसत, तेवढ्यात गिऱ्हाईक गेलं तर? तेव्हाच तू शपथ घेतलीस, दुकानदाराशी लग्न करणार नाही. आणि बँकवाला आणलास, जो रविवारीसुद्धा हिशेबच करतो! म्हणून हे तुला लिहितेय. इथे ज्याला सांगावं तो एक तर "आजकालची मुलं" म्हणतो, नाही तर "वा, स्टार्टअप!"

खरी पंचाईत पुढे आहे, ती ह्यांनाही सांगितलेली नाही. दुकानदार फोनवर बोलत होता. दोन मुली खलबत्ता उलटसुलट करत होत्या. हा आपणहून पुढे झाला, पितळ कोणतं, ओतीव कोणतं, ठोक्याचं कोणतं, काय काय सांगत बसला आणि दोन खलबत्ते विकून मोकळा. किंमतही सोडली नाही! गेली तीन-चार वर्षं हा घरी येतो ते तोंड पाडून, जेवताना फोनमध्ये डोकं. तिथे मात्र बोलता बोलता हातवारे करत होता. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

तुझ्या मोतीबिंदूचं कळलं, जप. इंदूरच्या फ्लॅटचं झालं का काही? नातीच्या बारशाचे फोटो पाठव, किती दिवस नुसतं "पाठवते" म्हणतेस.

दसऱ्याला इसार द्यायचा आहे. त्याआधी केदारला फोन कर. रविवारी दहानंतर, आधी उठत नाही. आषाढातलं सगळं सांग, उधारी बुडाली ते सांग, नानांनी शेवटी गाळा सोडला तेही सांग. गोड करून सांगू नकोस. आणि तरी ऐकलंच नाही त्याने, तर नाना घाऊक माल कुठून उचलायचे तेवढं दादाला विचारून ठेव.

तुझी,
वासू