पायवाटेला वेडेलिया कशाला?

महोदय,

पाऊस तोंडावर आला की सोसायट्यांच्या बैठकीत बागेचा विषय निघतो आणि कंत्राटदार हमखास एकच सुचवतात, पायवाटेच्या दोन्ही कडांना वेडेलिया लावून टाका, दोन महिन्यांत सगळं हिरवंगार. तसं होतंही. पण मग ती आवरत नाही. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली ही पिवळ्या फुलांची वेल पेरापेराला मुळं धरते आणि बाकी सगळं झाकून टाकते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. छाटलेले तुकडे कुणीतरी नाल्याकाठी नेऊन टाकतं, तिथेही ती रुजते. वाटेवर तर फूटभर उंच माजते आणि संध्याकाळी पाय कशावर पडतोय तेच कळत नाही.

आमच्या सोसायटीची बाग मी सांभाळते. फरशांच्या फटींत आणि कडेला काय लावायचं, हे त्या जागी भर दुपारी उभं राहून ठरवावं असं माझं ठाम मत आहे. ऊन किती, पाणी कुठे साचतं, मुलं वळण सोडून कुठून आडवी धावतात, हे सगळं तिथे दिसतं. कॅटलॉगमधल्या फोटोत ते दिसत नाही.

उन्हाच्या जागेसाठी माझी पहिली पसंती रतोळियाला. नदीकाठी, कालव्याच्या कडेला ही आपली आपण वाढते, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. उंची जेमतेम दोन-तीन इंच. मिरीएवढं जांभळट बोंड आणि त्याभोवती पांढऱ्या-गुलाबी इवल्या फुलांचं कडं. वाकून बघितलं तरच त्याची नजाकत कळते. पाय पडला तरी पुन्हा उभी राहते. मयूर भिरभिरी हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. जूनमध्ये वीतभर अंतरावर तुकडे खोचावेत आणि पहिल्या पावसाळ्यात तेवढं तण काढत राहावं, पुढे ती जमीन धरते. फुलांवर मधमाश्या भरपूर येतात, म्हणून घसरगुंडीजवळ, जिथे मुलं अनवाणी असतात, तिथे मात्र लावू नये. तिथे आपली हरळीच बरी. उन्हाळ्यात पिवळी पडली म्हणून ती उपटून टाकणारे मी पाहिलेत. पहिल्या पावसाबरोबर तीच आधी हिरवी होते.

नळाजवळच्या ओलसर पट्ट्यात ब्राह्मी, आंब्याखालच्या दमट सावलीत मंडूकपर्णी. दोन्हींवर सतत वर्दळ नको, कडेला ठीक. सावलीत महागाचं कार्पेट लॉन अंथरणं म्हणजे पैसे मातीत घालणं. गवताला ऊन लागतंच. आंबुशी आपोआप उगवली तर राहू द्यावी. तिच्या पानांवर छोट्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

बैठकीत एक आक्षेप हटकून येतो की झाडोरा केला तर साप येतील, त्यापेक्षा सगळीकडे पेव्हर ब्लॉक घाला. साप लपतो तो माजलेल्या गचपणात. तीन इंचांच्या ब्राह्मीत त्याला आडोसा कुठला? आणि सगळीच जमीन ब्लॉकखाली गेली की पावसाचं पाणी मुरणार कुठे? दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये तळं साचतं, त्याची तक्रार करायला हीच मंडळी पुढे असतात.

खरी अडचण रोपं मिळण्याची आहे. ब्राह्मी औषधी वनस्पतींच्या कोपऱ्यात एखाद्या कुंडीत सापडते, रतोळिया तर मागूनही मिळत नाही. वेडेलियाच्या पिशव्या मात्र रांगेने मांडलेल्या असतात. रोपवाटिकांनी मे महिन्यातच रतोळिया आणि मंडूकपर्णीचे ट्रे तयार ठेवावेत आणि सोसायट्यांनी बागेचं काम देताना वेडेलिया लावणार नाही अशी अट लेखी घालावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे